एकही दाता आढळला नाही

हेरंबकाकांना यादीत स्वतःचंच नाव सापडलं नाही, म्हणून त्यांनी फोन केला. सकाळचे पावणेअकरा वाजले होते. सुचित्रा गमरे परळच्या ऑफिसात चौदाव्या मजल्यावर मीटिंगमध्ये बसली होती, आणि मीटिंगमध्ये ती फोन घेत नसे. पण काका कामाच्या दिवशी कधी फोन करत नसत, करायचे ते रविवारी, सावकाश, चहाबिहा झाल्यावर. म्हणून ती उठून बाहेर पॅसेजमध्ये आली. काका नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "सुचित्रा, मी तुझ्या त्या यादीत आहे ना गं?" ती म्हणाली, आहात की, सगळ्यात पहिली नोंद तुमचीच आहे. काका म्हणाले, "मग मी आत्ता माझाच रक्तगट टाकून मुंबईत शोधलं. ते म्हणतंय, एकही दाता आढळला नाही."

तिला आधी हसू आलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, चष्मा कपाळावर ठेवून मोबाइल बघणारा. दाबलं असेल भलतंच काही. तिने तसं सुचवलंही. काकांनी शांतपणे सांगितलं की तीनदा दाबून बघितलं, आणि समोर वरळी कोळीवाड्यातला राहुल नाखवा बसलाय, त्यानेही त्याच्या फोनवरून बघितलं. त्याची बायको दीपिका तुझ्या परळच्याच हॉस्पिटलात आहे. आठवा महिना, वार खाली आहे, फार रक्त जायची भीती, उद्या सकाळी आठला सिझर. एवढे महिने सगळीकडे तिचा गट ओ म्हणून लिहिलेला, काल रक्त जुळवताना कळलं की तो ओ नाही, माझाच आहे. दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय डॉक्टर तिला आत घेणार नाहीत. एक पुण्याहून संध्याकाळपर्यंत येतेय. दुसरीचा पत्ता नाही. हे सगळं ऐकताना सुचित्राची नजर समोरच्या काचेतून खाली गेली होती. खाली हॉस्पिटलची कौलं दिसत होती, त्यांच्यामध्ये उगवलेलं पिंपळाचं झाड दिसत होतं. काका चुकले नव्हते हे तिला तेवढ्यात कळलं होतं. कसं कळलं ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. एखादी गोष्ट आपण कुठे ठेवलीय हे हाताला आठवतं आणि डोक्याला नंतर, तसं काहीसं.

हा रक्तगट याच शहरात पहिल्यांदा सापडला आणि त्याला शहराचंच तेव्हाचं नाव मिळालं. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. त्याच्यासारख्याचंच लागतं, आणि त्याच्यासारखा दहा हजारांत एखादा. हेरंबकाका परळच्या याच हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हा शिकता शिकता त्यांनी स्वतःचंच रक्त तपासलं आणि ते त्या एखाद्यातले निघाले. तेव्हापासून ते अशी माणसं वहीत जमवत आले. नाव, पत्ता, शेजाऱ्यांचा फोन. सुचित्राची आई, रमाबाई, त्याच हॉस्पिटलात आया होती. आई गेली तेव्हा काका गिरगावातून भेटायला आले, आणि उठताना म्हणाले, तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना, माझी ही वही त्यात घालता येईल का बघ. आईचं दुःख कुठे ठेवावं हे सुचित्राला त्या दिवसांत कळत नव्हतं. तिने ते त्या वहीत ठेवलं. दोन महिने ऑफिसनंतर बसून तिने एक अ‍ॅप केलं, नोंदी क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये टाकल्या, सगळ्याच रक्तगटांची माणसं घेतली. काकांच्या रक्तदान मंडळाने कॉलेजांतून शिबिरं घेतली. बदललेले फोन नंबर अ‍ॅपमध्येच जाऊ लागले आणि वही जुनी होऊन पडली. सहाशे नोंदींच्या अकरा हजार झाल्या. चार वर्षं ते अ‍ॅप चालत होतं, आणि लोकांनी विचारलं की ती म्हणायची, ते अगदी छोटं काम आहे. मनातून मात्र तिला आयुष्यात केलेलं तेच एक काम वाटायचं.

ती मीटिंगमध्ये परत गेलीच नाही. जागेवर बसून तिने जुना कोड उघडला. गेल्या तीन वर्षांत तिने स्वतःच्या हाताने फारसं लिहिलं नव्हतं, लिहिणाऱ्यांच्या मीटिंगा घेतल्या होत्या. त्यामुळे स्वतःचा कोड वाचताना जुनं पत्र वाचल्यासारखं अवघडायला झालं. शोधण्याचं काम बारा ओळींत होतं. मुंबईतले दाते काढ, नवीन नोंद आधी, आणि त्यातून हवा तो रक्तगट ठेव, बाकीचे गाळ. नवीन नोंद आधी, कारण नव्या लोकांचे फोन नंबर बदललेले नसतात. या विचाराचं तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं. आणि त्या बारा ओळींच्या खाली तिने स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती: पुढची पानं नंतर बघू. खाली तारीख. ती टीप तिने दोनदा वाचली.

डेटाबेस आधी गाळत नाही, आधी वाचतो. एका वेळी ठरावीक वजनाच्याच नोंदी, म्हणजे एक पान, उचलतो आणि मग त्यातल्या नको त्या टाकून देतो. टाकून काहीच उरलं नाही तर तो रिकामा हात पुढे करतो, पण त्याबरोबर एक खूणही देतो, की मी इथवर वाचलंय, पुढे आहे. ती खूण घेऊन पुन्हा विचारायचं असतं, खूण यायची थांबेपर्यंत. सुचित्राला हे माहीत होतं. चार वर्षांपूर्वी तिने ते नीट वाचलं होतं. सहाशे नोंदी एका पानात मावत होत्या, आई जाऊन तीन महिने झाले होते, झोप येत होती, आणि तिने लिहिलं, नंतर बघू. मग नोंदी वाढल्या. नवीन नोंदी वर येत गेल्या, कॉलेजातली पोरं, ए, बी, ओ, आणि काकांच्या वहीतली माणसं खाली खाली जात पहिल्या पानाबाहेर पडली. नेहमीच्या गटांना कधी काही जाणवलं नाही, त्यांना पहिल्याच पानात पन्नास माणसं मिळायची. जी माणसं मुळात थोडी होती, तीच नाहीशी झाली.

तिने आधी काहीही न बदलता नुसतं विचारून बघितलं. उत्तर आलं: वाचलेल्या नोंदी दोन हजार चारशे सत्त्याऐंशी, जुळलेल्या शून्य. खाली ती खूण. सगळं प्रामाणिकपणे सांगितलेलं होतं. तिच्या कोडने त्यातलं फक्त शून्य उचललं होतं आणि त्या शून्यासाठी तिनेच रचलेलं वाक्य लोकांना दाखवलं होतं. एकही दाता आढळला नाही. या वाक्यावर तिने तेव्हा अर्धा तास घालवला होता. आधी 'सापडला नाही' लिहिलं होतं, पण त्यात आपण शोधायला कमी पडलो असं वाटत होतं. 'आढळला नाही' कसं स्वच्छ, सरकारी, शेवटचं वाटलं. आता तिला आईची आठवण झाली. आई वॉर्डात नातेवाइकांना कधी 'नाही' म्हणायची नाही. डॉक्टर आहेत का, बेड आहे का, आमचा माणूस या मजल्यावर आहे का. आईला उत्तर माहीत असलं तरी ती म्हणायची, थांबा, बघून येते. आणि खरंच जाऊन बघून यायची. शाळा सुटल्यावर सुचित्रा तिच्यासाठी जिन्याखाली दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि आई चार मजले चढून उतरून येईपर्यंत तिला भूक लागलेली असायची. एकदा ती चिडून म्हणाली होती, तुला माहीत होतं ना नाही ते, मग गेलीस कशाला. आईने पदराने मान पुसली होती आणि सुचित्राचं दप्तर उचलून ती चालू लागली होती. त्या वेळी तिच्या अंगाला फिनेलचा वास यायचा आणि सुचित्राला तो शाळेतल्या मुलींसमोर नको वाटायचा, हेही तिला आता विनाकारण आठवलं.

खूण घेऊन तिने दुसरं पान मागितलं. शून्य. तिसरं. शून्य. आपल्याला वाटतंय तसं नसेल आणि काकांच्या वहीतली माणसं खरंच कुठेतरी पुसली गेली असतील, हा विचार तिच्या मनात येऊन बसला. चौथ्या पानात दोन नावं आली. पाचव्यात सात. शेवटचं नाव हेरंब विनायक लिमये, गिरगाव. त्यापुढे खूण नव्हती. ती खुर्चीत मागे रेलली.

काकांना फोन लावून ती पहिलं वाक्य बोलली ते असं, की काका, चूक माझी आहे, मी अर्धवट काम करून ठेवलं होतं. काका म्हणाले, "ते नंतर. नावं सांग." तिने नावं वाचली. काका प्रत्येक नावापाशी हुंकार देत होते, जुनी ओळख निघाल्यासारखा. दोघे पासष्टीपुढचे, म्हणजे रक्त देता न येणारे, त्यातले एक ते स्वतः. एक दुबईला. एकीने महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. चौघांचे फोन लागले नाहीत. पण वडाळ्याचा हितेंद्र कोचरेकर बसडेपोत मेकॅनिक होता. तो दुसऱ्याच रिंगला उचलून म्हणाला, अर्ध्या तासात पोचतो, फक्त साहेबाला दाखवायला चिठ्ठी द्या.

कोड दुरुस्त करायला तिला वीस मिनिटं लागली, आणि त्या वीस मिनिटांचा तिला सगळ्यात जास्त राग आला. दोनच्या सुमारास ती चालत हॉस्पिटलात गेली. रक्तपेढीत हितेंद्र पलंगावर आडवा पडून मुठीतला रबरी चेंडू दाबत होता, नखांत ग्रीस तसंच होतं. दाराशी उभा असलेला राहुल तिला मॅडम म्हणाला, आणि तुमच्यामुळे झालं असं म्हणून वाकला. ती एकदम मागे सरली. त्याला खरं सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण त्याचा चेहरा बघून तिने ते आजच्यापुरतं गिळलं. उद्या बाळ झाल्यावर सांगू. बाहेर आल्यावर 'नंतर' हा शब्द आपण पुन्हा वापरला हे तिला जाणवलं, आणि ती तशीच मागे फिरली. राहुलला तिने बाकावर बसवून सगळं सांगितलं. माणसं आधीपासून होती, सकाळीच मिळायला हवी होती, माझ्यामुळे मिळाली नाहीत. राहुल ऐकत होता. मग त्याने पिशवीतल्या गर्द लाल रक्ताकडे बघितलं आणि म्हणाला, "मिळाली ना पण." त्याला यापेक्षा जास्त काही नको होतं. पिशवी पूर्ण भरली होती आणि नर्स तिच्यावर नाव लिहीत होती.

दीपिकाचं काम झालं होतं. पण सकाळपासून मागे ढकललेला प्रश्न ऑफिसच्या लिफ्टमध्ये तिच्याबरोबर वर आला. या आधी किती जणांना ते वाक्य दिसलं? अ‍ॅप प्रत्येक शोधाची नोंद ठेवत असे, कोणासाठी शोधलं, वय, पत्ता, फोन. तिने ती यादी काढली, आणि या वेळी शेवटच्या पानापर्यंत काढली. गेल्या गणपतीनंतरच्या शिबिरांनी जुन्या नोंदी मागे ढकलल्या तेव्हापासून, आजचे शोध सोडून, या गटाचा अकरा वेळा शोध झाला होता. अकराही वेळा शून्य. त्यातले चार कॉलेजातल्या मुलांनी गंमत म्हणून केलेले. राहिली सात कुटुंबं. सात नावं तिने कागदावर लिहिली आणि त्या कागदाकडे बघत बसली. यातलं कोणी गेलं असेल तर. त्या 'तर'च्या पुढे तिला काही दिसत नव्हतं. गेलं असेल तर मी नोकरी सोडीन, असा एक निरर्थक विचार आला. मग मी काय सोडलं याने कुणाला काय, असाही आला. काकांना विचारलं तर ते म्हणाले, तू चार फोन कर, मी तीन करतो. ती नको म्हणाली. सातही तीच करणार होती.

पहिल्या घरी म्हातारी स्वतः फोनवर आली, तिचं ऑपरेशन बाहेरगावाहून रक्त आणून झालं होतं. दुसऱ्याने तर ते विसरूनच टाकलं होतं. तिसऱ्या घरातल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि मग संथपणे सुनावलं, की आमच्या आईचं ऑपरेशन एकवीस दिवस लांबलं, एकवीस दिवस ती वेदनेत होती, हे तुम्हाला माहीत असू द्या. सुचित्रा हो म्हणाली. एकवीस हा आकडा तिने कागदावर लिहिला. ती बाई फोन ठेवताना म्हणाली की आई आता बरी आहे, आणि हे ती अनिच्छेने, जणू देणं भाग म्हणून म्हणाली. चौथं, पाचवं, सहावं, सगळे होते. प्रत्येक वेळी माणूस जिवंत निघाला की ती कागदावर त्या नावाखाली रेघ ओढायची. सातवा नंबर अस्तित्वात नव्हता. धोंडू पेडणेकर, वय अडुसष्ट, विभाग लालबाग, चाळीचं नाव, खोली एकोणतीस. नोव्हेंबरमधला शोध. तीन वेळा लावूनही रेकॉर्डवरची बाई तेच सांगत राहिली, की आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

पाच वाजता ती खाली उतरली आणि लालबागकडे चालत निघाली. बसने जाता आलं असतं, पण तिला पोचायची घाई नव्हती. उड्डाणपुलाखालून जाताना ती मनात वाक्यं जुळवत होती. दार उघडेल ती सून असेल, मागे भिंतीवर हार घातलेला फोटो असेल, आणि मग आपण काय म्हणायचं. मसाल्याच्या दुकानांपाशी मिरच्यांचा खाट उठला होता, तिला ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. दुकानदाराने न विचारताच पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो उभ्यानेच प्यायला. त्यालाच तिने चाळ विचारली, आणि धोंडू पेडणेकर माहीत आहेत का हे विचारायचं मुद्दाम टाळलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक काटकुळा म्हातारा खुर्चीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. सुरीने नाही, नखाने, अगदी जपून. तिने विचारलं, पेडणेकर कुठे राहतात. तो म्हणाला, "मीच. बोल गो बाय." सुचित्राने गॅलरीचा कठडा धरला. म्हाताऱ्याला वाटलं जिना चढून दम लागलाय, म्हणून त्याने आत हाक मारून कमळाबाईंना, त्याच्या बायकोला, स्टूल आणायला सांगितलं.

तिने सांगितलं ते त्याने मान तिरपी करून ऐकलं. त्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालं होतं. रक्त कुठेच मिळेना म्हणून डॉक्टरांनी त्याचंच रक्त आधी दोनदा काढून ठेवलं आणि त्यालाच परत दिलं. म्हणजे तसं काही अडलं नव्हतं. फोन मुलाने बदलून दिला होता. कमळाबाई मात्र दारात उभ्या राहून म्हणाल्या की ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून हे खाली उतरले नाहीत. सुरी हातात घेत नाहीत, दाढी करत नाहीत, जिना म्हटलं की नको. पुन्हा काही लागलं आणि रक्त गेलं तर द्यायला मुंबईत कोणी नाही, असं यांच्या मनाने घेतलंय. मुलाने मोबाइलवर दाखवलं होतं ना, एकही माणूस नाही म्हणून. सुचित्राने तेव्हा नीट बघितलं. त्याची पांढरी दाढी गळ्यापर्यंत आली होती.

"आजोबा, ते खोटं होतं," ती म्हणाली. "मुंबईच्या यादीत तुमच्या रक्ताचे नऊ जण आहेत. तेव्हाही होते. मी नीट शोधलं नव्हतं."

तो शेंग सोलायचा थांबला. रागावेल असं तिला वाटलं, आणि रागावावं असंही वाटलं. त्याने फक्त विचारलं, "नऊ जणां? खंय रवतत?" ती सांगू लागली, गिरगाव, वडाळा, दादर, शिवडी. प्रत्येक ठिकाणाला तो मान डोलवत होता, जणू तिथे जाऊन येत होता. मग तिने फोन लावून हेरंबकाकांना सगळं सांगितलं आणि फोन त्याच्या हातात दिला. दोघे आधी रक्ताबद्दल काहीच बोलले नाहीत. काकांनी गाव विचारलं असावं, कारण तो म्हणाला, वेंगुर्ल्याजवळ. मग वयाची तुलना झाली, मग गुडघ्यांची. एकदा तो खुदकन हसला. शेवटी फोन कानापासून जरा लांब धरून, पलीकडच्यापेक्षा बायकोला ऐकू जावं अशा बेताने तो म्हणाला, "माका वाटला, मी एकटोच."

फोन परत करून तो उठला आणि शर्ट मागितला. कमळाबाईंनी खंय चललात म्हणून विचारलं तर म्हणाला, दाढी करूक जातंय. त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढून दिला आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. जिना तो कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत उतरला. सुचित्रा दोन पायऱ्या पुढे, उलटी वळून. खाली ऊन अजून होतं. न्हाव्याचं दुकान समोरच्या फुटपाथवर होतं, आणि मध्ये रस्ता, टॅक्सी, टेम्पो, हातगाड्या. तो कडेला येऊन थांबला. गाड्या जरा थांबल्या तसा तिने हात पुढे केला, पण धोंडू पेडणेकर तिच्याकडे न बघता रस्त्यात उतरला होता, एका टेम्पोला तळहात दाखवून थांबवत होता, आणि तिचा हात तसाच असताना तो पलीकडे पोचून दुकानाची पायरी चढला. न्हाव्याने त्याला ओळखायला थोडा वेळ घेतला. मग त्याने खुर्ची फडक्याने झटकली.